वळिवड्याची मुलं बाबांकडे निघाली तेव्हा...

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलं की पुष्कळ जणी गांधीनगरला कापडखरेदीही उरकून घेतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेलं हे गाव. पण त्याआधी त्याच जागेवर पोलंडच्या बायका-मुलांची छावणी होती, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

१९४३ ते १९४८ या काळात तिथं, म्हणजे वळिवड्याला, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशियानं पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडची कुटुंबंच्या कुटुंबं रशियानं आगगाडीत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच चाल केली, तेव्हा कुठं त्यांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या पोलिश फौजेत भरती झाले. १९४२ मध्ये ही फौज आणि तिच्या मागोमाग बायका-पोरं इराणात पोचली. तिथून वाटा फुटल्या. बाप लढत लढत इटलीपर्यंत गेला, आई मुलांना घेऊन कोल्हापूर संस्थानात आली.

छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकंसुद्धा होत. पण नवऱ्याचा ठावठिकाणा हाच मोठा प्रश्न. लढाई संपली तरी घरी जायची सोय नव्हती, कारण बहुतेकींची गावं आता रशियाच्या हद्दीत गेली होती. शेवटी १९४७ मध्ये ब्रिटननं कायदा करून पोलिश सैनिकांना तिथं वसू दिलं, आणि त्यांच्या बायका-मुलांना नेण्याची वाट मोकळी झाली. सैनिकाशी जवळचं नातं हवं, ही मुख्य अट. ज्यांचं फौजेत कुणी नव्हतं, त्यांतले काही पोलंडला परतले, काहींची रवानगी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत झाली. शेजारी-शेजारी पाच वर्षं काढलेल्या बायका एका कागदानं वेगळ्या झाल्या.

आता हिशेब करून बघा. १९४२ मध्ये तीन वर्षांचं असलेलं लेकरू १९४८ मध्ये नऊ वर्षांचं होऊन बापासमोर उभं राहणार. ते त्याला काय ओळखणार? आपल्या साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आजीपाशी ठेवलेलं बारकं पोर सहा महिन्यांनी आई-बाप आले की आजीच्या लुगड्याआड लपतं. सहा महिन्यांत ही गत, तिथं तर सहा वर्षं!

ज्यांना आई-बापच उरले नव्हते त्यांचं काय? गुजरातेत बालाचडीला नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये अशा मुलांना आसरा दिला. १९४६ मध्ये त्यातली बरीच मुलं वळिवड्यालाच आली. त्यांना जबरदस्तीनं परत धाडू नये म्हणून जामसाहेबांनी त्यांचं पालकत्व कागदोपत्री स्वीकारलं होतं. राजानं केलेली ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या दानधर्माहून मोठी वाटते.

आजही निर्वासित बापाकडे लेकरू पोचवायचं तर कागदच लागतात. बायकांना साधा रहिवासी दाखला काढून देताना आमच्या चपला झिजतात. बॉम्बखाली घर सोडून पळालेल्या बाईनं जन्मदाखला आणावा कुठून? ब्रिटनमध्ये निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्या आई-बापाला १८ वर्षांखालचं मूल विनाफी बोलावता येत असे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं असे नवे अर्ज घेणं थांबवलं. आपल्या देशात तर निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही.

युद्धात, पुरात ताटातूट झालेल्या नातलगांना शोधून देण्याचं काम मात्र रेडक्रॉस आजही करते, आणि त्याचे पैसे घेत नाही.