पुण्याची सहावी डिव्हिजन आणि तिचे बाजारबुणगे

आमगावच्या व्याख्यानमालेत पुण्याच्या फौजेचे काय काम, असे कोणी विचारील. आम्ही लष्करी पेशाचे नव्हे. राईस मिलमधल्या हमालांची आणि विडी वळणाऱ्या बायांची संघटना बांधण्यात आमची हयात गेली. वाचन केले ते रात्री, हाती येईल त्या पुस्तकातून. पण पोते उचलणारा थांबला की गिरणी थांबते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला 1914 ते 1916 ची मेसोपोटेमियाची मोहीम चटकन उमगते, असा आमचा अनुभव आहे. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक.

आधी रचना पाहू. त्या काळी चार पलटणी मिळून एक ब्रिगेड, तीन ब्रिगेडी मिळून एक डिव्हिजन, आणि दोन किंवा अधिक डिव्हिजनी एका सेनापतीच्या हाताखाली आल्या म्हणजे कोअर. जर्मन सैन्याचा सारा संसार या कोअरवर उभा होता. एकेका कोअरला आपापला मुलूख आणि आपापली भरती नेमून दिलेली असे. आपल्याकडे लॉर्ड किचनेरने 1903 पासून डिव्हिजनींची घडी बसविली. जुन्या मुंबई फौजेच्या पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळविले गेले; म्हणून तिसरीची झाली 103 वी, दहावीची 110 वी, सतरावीची 117 वी. या तिन्ही मराठा पलटणी. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनच्या पुणे, अहमदनगर आणि बेळगाव अशा तीन ब्रिगेडी होत्या आणि प्रत्येकीत एक मराठा पलटण होती. ब्रिगेडीत एक पलटण गोऱ्यांची आणि तीन हिंदी, हा नियम 1857 च्या भीतीतून आलेला.

पण फौज म्हणजे केवळ बंदुका नव्हेत. तिच्या मागे पखालवाले, आचारी, मोतद्दार, खेचरवाले, डोलीवाले, धोबी, मेहतर असा मोठा जथा चाले. सरकारी कागदात ते 'फॉलोअर'. मराठीत त्यांना बाजारबुणगे म्हणत, आणि हा शब्द पानिपतापासून शिवीसारखाच वापरला गेला आहे. शिपायाला तेव्हा महिना 11 रुपये मिळत. या मंडळींना बहुधा त्याहून कमी. महारांची भरती 1890 च्या सुमारास बंद झाली होती. गोपाळबाबा वलंगकर, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जविनंत्या केल्या. पण 111 वी महार पलटण उभी राहिली ती 1917 साली, गरज पडली तेव्हा, आणि गरज सरल्यावर 1921 साली मोडली.

ऑक्टोबर 1914 मध्ये या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली आणि 6 नोव्हेंबरला फाओला उतरली. त्याच महिन्यात बसरा हाती आले. पुढे अमारा, कुत-अल-अमारा अशी ठाणी घेत ती टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली. एप्रिल 1915 पासून सेनापती होता टाउनशेंड. प्रत्येक विजयाबरोबर रसद आणण्याची वाट लांबत होती. बसऱ्यापासून बगदादपर्यंत नदीने सुमारे 500 मैल. रेल्वे नाही, सडक नाही. जे यायचे ते उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटींतून आणि देशी होड्यांतून. बोटी अपुऱ्या आहेत हे वरिष्ठांना ठाऊक होते. तरी हुकूम सुटला तो बगदाद घेण्याचा.

बगदादपासून 20 मैलांच्या आसपास टेसिफोन येथे 22 नोव्हेंबर 1915 ला गाठ पडली. चार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना नेण्यासाठी होत्या कमानी नसलेल्या खेचरगाड्या. त्यांतून हाडे मोडलेली माणसे मैलोगणती हादरत नदीपर्यंत गेली. तेथून 'मेजिदिये' नावाच्या बोटीवर गुरांसारखी कोंबून बसऱ्याला पाठविली गेली. बसऱ्याचे डॉक्टर मेजर कार्टर यांनी त्या बोटीची घाण आणि माणसांची दैना पाहून लेखी तक्रार केली, तर त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. तक्रार करणारा आधी गुन्हेगार ठरतो, हे आम्हांला नवे नाही.

माघार घेऊन डिव्हिजन 3 डिसेंबरला कुतला आली आणि चार दिवसांत वेढली गेली. तुर्की फौजेचा वरिष्ठ होता जर्मन फील्डमार्शल फॉन देर गोल्ट्स. वेढा पावणेपाच महिने चालला. येथे सगळा प्रश्न हिशेबाचा झाला. धान्य थोडेच दिवस पुरेल असे टाउनशेंडने आरंभी कळविले. म्हणून सुटकेला आलेल्या फौजेने पुरी तयारी होण्याआधीच हल्ले केले. जानेवारीच्या अखेरीस गावात झडती घेतली तेव्हा बरेच धान्य निघाले! ते आधीच मोजले असते तर? फ्रान्सहून आणलेल्या दोन हिंदी डिव्हिजनींची ती सुटकेची कोअर तोवर चिखलात रक्तबंबाळ झाली होती. कुतमधल्या तेरा हजारांच्या सुटकेसाठी एकंदर सुमारे 23 हजार माणसे खर्ची पडली किंवा जखमी झाली.

आत घोडे कापले जाऊ लागले. हिंदी शिपायांनी धर्माला आणि गावी गेल्यावर काय म्हणतील याला भिऊन ते मांस बरेच दिवस खाल्ले नाही. स्कर्व्ही त्यांच्यातच अधिक पसरली. अखेर एप्रिलमध्ये पुष्कळांनी खाल्ले. त्याच महिन्यात विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. वेढ्यातल्या फौजेला असे अन्न पुरविण्याचा जगातला हा अगदी आरंभीचा प्रयोग. काही पोती नदीत पडली. 'जुलनार' ही बोट 270 टन रसद घेऊन 24 एप्रिलच्या रात्री निघाली, ती वाटेत तुर्कांच्या हाती लागली. आणि 29 एप्रिल 1916 ला डिव्हिजनने हत्यारे ठेवली.

कैद झालेल्या सुमारे तेरा हजारांत दहा हजारांवर हिंदी होते आणि त्यांत तीन हजारांवर बाजारबुणगे. टाउनशेंडची रवानगी मार्माराच्या समुद्रातील एका बेटावर झाली, बंगल्यात. शिपाई आणि पखालवाले वाळवंटातून पायी हाकले गेले. जर्मन भांडवलाने बांधल्या जाणाऱ्या बगदाद रेल्वेवर, रास-अल-ऐन आणि तौरस पर्वताच्या बाजूला, त्यांना कामाला जुंपले. गोऱ्या शिपायांपैकी शेकडा सत्तरांहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपायांच्या मृत्यूंची नोंद इतक्या काटेकोरपणे झालीच नाही.

लंडनमध्ये चौकशी बसली. 1917 च्या अहवालाने वाहतुकीच्या आणि औषधोपचाराच्या हलगर्जीवर ठपका ठेवला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

बसऱ्याच्या स्मारकावर या मोहिमेतील चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार केवळ आकडे. 2021 साली युद्धसमाधी आयोगाने ही असमानता मान्य करून क्षमा मागितली. आपल्या गावांतील 1914-19 च्या दगडी पाट्याही बहुतेक अशाच: इतके गेले, इतके मेले.

एका जागी मात्र नाव सापडते. त्या युद्धाचे पदक शिपायाला चांदीचे मिळाले, बाजारबुणग्यांपैकी पुष्कळांना काशाचे. पण दोन्हींच्या कडेवर माणसाचे नाव आणि पलटण किंवा खाते ठोकलेले असते. श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत असे काळे पडलेले पदक असेल, तर कड पुसून उजेडात धरावी. अक्षरे बारीक आहेत, इंग्रजी आहेत, पण वाचता येतात.