विश्लेषण : दुर्मीळ अणुकेंद्रे मिळाली, पण ती टिपायची कशाने?

अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात मे २०२२ मध्ये ‘फ्रिब’ हे दुर्मीळ समस्थानिकांचे संशोधन केंद्र सुरू झाले. खर्च सुमारे ७३ कोटी डॉलर. पृथ्वीवर आढळत नाहीत आणि तयार होताच काही क्षणांत विघटन पावतात, अशी अणुकेंद्रे येथे बनवली जातात. आता कस लागणार आहे तो ती टिपणाऱ्या उपकरणांचा.

त्यांचा अभ्यास कशासाठी?

सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्ये विश्वात कशी तयार झाली, याचे उत्तर या अल्पायुषी अणुकेंद्रांत दडले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे संकेत पृथ्वीवर टिपले गेले. अशा टकरीत न्यूट्रॉनची खैरात असते आणि अणुकेंद्रे ते भराभर गिळत जड होतात. मधल्या टप्प्यांतील अणुकेंद्रांचे गुणधर्म मोजल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही.

‘ग्रेटा’ काय करणार?

फ्रिबमधील अणुकेंद्रे प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने धावतात. धावताना त्यांनी सोडलेल्या गॅमा किरणांची ऊर्जा, जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीसारखी, बदललेली भासते. ती दुरुस्त करायची तर किरण नेमका कोणत्या दिशेने आला हे कळायला हवे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडवलेल्या ‘ग्रेटा’त जर्मेनियमचे १२० स्फटिक लक्ष्याभोवती गोलाकार रचलेले असतात. प्रत्येकाचे ३६ विद्युत भाग. त्यामुळे किरण स्फटिकात कुठे-कुठे आपटला हे सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत सांगता येते.

मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पेलेट्रॉन त्वरकावर वापरल्या जाणाऱ्या ‘इंगा’ या भारतीय संचाची पद्धत वेगळी आहे. स्फटिकातून निसटलेला किरण भोवतीच्या कवचात सापडला, की ती नोंदच रद्द होते. मुबलक कण देणाऱ्या त्वरकावर ते परवडते. दिवसाला मोजकीच अणुकेंद्रे हाती येत असतील तर नाही. ‘ग्रेटा’ म्हणूनच किरण फेकून न देता त्याच्या मार्गाचा माग काढते.

नव्या वर्णपटमापकाची गरज का?

सध्याचा ‘एस-८००’ वर्णपटमापक चार टेस्ला-मीटरपर्यंतचे कणच वळवू शकतो. न्यूट्रॉनने ठासून भरलेली अणुकेंद्रे ज्या वेगाला सर्वाधिक मिळतात, त्या वेगाला ती याहून ‘ताठ’ असतात. मग त्यांचा वेग कमी करावा लागतो आणि त्यात काही वाया जातात. म्हणजे कोट्यवधी डॉलर ओतून मिळवलेले हातचे सोडून द्यायचे! प्रस्तावित ‘हाय रिजिडिटी स्पेक्ट्रोमीटर’ची मर्यादा आठ टेस्ला-मीटर आहे. वेग न घटवता जाड लक्ष्य वापरता येईल, साहजिकच टकरी वाढतील.

हा आकडा पुढचा विचार करूनही ठरला आहे. त्वरकाची ऊर्जा प्रतिन्यूक्लिऑन २०० वरून ४०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टवर नेण्याचा प्रस्ताव आहे. त्यासाठी लागणारी सुमारे ८० मीटर जागा बोगद्यात आधीच मोकळी ठेवलेली आहे.