विश्लेषण : नव्याकोऱ्या रणगाड्यावर गंज आणि चिखल कशासाठी? स्केल मॉडेलचे ‘वेदरिंग’ म्हणजे काय?

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून रणगाडा उभा केला, त्याला गुळगुळीत रंग दिला की काम संपले, असे नवख्याला वाटते. मुरलेल्या छांदिष्टाचे खरे काम मात्र तिथून सुरू होते. पुढचे कित्येक तास तो याच रणगाड्याचा रंग खरवडतो, धूळ बसवतो, चिखल थापतो, गंज चढवतो. या प्रक्रियेला ‘वेदरिंग’ म्हणतात. रणगाडा कोणत्या मातीत, कोणत्या ऋतूत आणि किती दिवस वावरला, हे त्यातून सांगायचे असते. त्यामुळे चुकीच्या जागी रंगवलेला गंज हा नुसता रंगाचा दोष राहत नाही, तो चुकीचा इतिहास सांगतो.

१:३५ हे प्रमाण कुठून आले?

रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये सर्वाधिक रुळलेले प्रमाण १:३५ आहे. ते कोणत्याही लष्करी आराखड्यातून आलेले नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचे मोटरवर चालणारे मॉडेल काढले. मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील अशा बेताने त्याचा आकार ठरला. नंतर हिशेब केला तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. पुढे इतर कंपन्यांनीही हेच प्रमाण उचलले.

रंगकामात हा आकडा सतत आडवा येतो. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. रंगाचा दोन मिलिमीटरचा टवका उडवला, तर खऱ्या रणगाड्यावर सात सेंटिमीटरचा रंग उडाल्यासारखे होते. म्हणूनच बारीक ब्रश, स्पंजचा तुकडा आणि भरपूर संयम लागतो.

खरा रंग दिला तरी मॉडेल काळपट का दिसते?

खरा रणगाडा आपण काही मीटरवरून पाहतो. मधल्या हवेमुळे आणि मोकळ्या उजेडामुळे त्याचा रंग थोडा फिकट दिसतो. मॉडेल हातभर अंतरावर, खोलीतल्या दिव्याखाली असते. त्यामुळे कारखान्यातला अस्सल रंग जसाच्या तसा दिला, तर तो अधिक गडद वाटतो. यावर उपाय म्हणून मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळतात. अनेक जण वरच्या, उजेड पडणाऱ्या भागांना फिकट आणि खालच्या भागांना गडद छटा देतात. याला ‘मॉड्युलेशन’ म्हणतात.

रंगाचे थर एकमेकांत मिसळत कसे नाहीत?

यामागे साधे रसायनशास्त्र आहे. खालचा थर बहुधा अॅक्रिलिक रंगाचा असतो. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर वॉर्निशचा पातळ थर देतात. नंतर तैलरंग किंवा इनॅमल रंग व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून सोडतात. हे द्रावण वाळलेल्या अॅक्रिलिकला सहसा विरघळवत नाही. त्यामुळे वरचा रंग चुकला तर तो पुसता येतो आणि खालचा शाबूत राहतो.

हा पातळ गडद रंग म्हणजे ‘वॉश’. रिव्हेटच्या कडेला त्याचा थेंब टेकवला की तो केशाकर्षणाने खाचेत आपोआप पसरतो. खाचा गडद झाल्या की सपाट प्लास्टिकला खोली येते.

टवके उडवण्याची युक्ती त्याहून गमतीदार आहे. आधी गंजाचा तपकिरी रंग देऊन वॉर्निशने बंद करतात. त्यावर चक्क केसांना मारायचा हेअरस्प्रे फवारतात आणि वर अॅक्रिलिकचा अंतिम रंग देतात. थोड्या वेळाने पाणी लावून ताठ ब्रशने घासले की खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग टवक्यांनी निघतो. हिवाळी युद्धात रणगाड्यांना फासलेला पांढरा रंग दाखवायला ही पद्धत विशेष जुळते. तो पांढरा थर बहुधा तात्पुरताच असे आणि वापराने असाच झिजत असे.

गंज नेमका कुठे चढतो?

नवखे बहुतेक वेळा इथेच फसतात. पोलादी पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, रंग टिकत नाही. पाऊस पडला की त्यांवर लगेच तांबूस झाक येते. मात्र जमिनीला घासणारा भाग चालताना चकाकत राहतो. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचा रंग उष्णतेने जळतो, म्हणून तिथे गंज रास्त. चालक चढतात-उतरतात त्या कडा आणि झाकणांभोवतीचा रंग झिजतो. पण तिथे रोजचा वावर असल्याने बऱ्याचदा उघडे पोलाद दिसते, जाड गंज नव्हे.

दुसऱ्या महायुद्धातले अनेक रणगाडे कारखान्यातून निघाल्यावर काही महिन्यांतच नष्ट झाले. दशकभर पावसात पडल्यासारखा गंज त्यांच्यावर शोभत नाही. अमेरिकी ‘एम ११३’ या चिलखती वाहनाचे धड तर अॅल्युमिनियमचे आहे. त्यावर नारिंगी गंजाचे ओघळ काढणे सरळ चूक ठरते.

खेमकरणचा पॅटन रंगवायचा तर?

सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे भारतीय सैन्याने पाकिस्तानच्या अमेरिकी बनावटीच्या पॅटन रणगाड्यांची कोंडी केली. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. भारतीय जवानांनी शेतांत पाणी सोडले होते. उभ्या उसात आणि चिखलात अनेक पॅटन रुतले. त्या दिवसाचा पॅटन करायचा तर चाके, पट्टे आणि धडाच्या खालच्या भागावर ओला, चकचकीत चिखल हवा. त्यात चिरडलेल्या पिकाचे तुकडे हवेत. राजस्थानच्या वाळवंटातली कोरडी पिवळी धूळ इथे चालणार नाही.

पकडलेले पॅटन भिखीविंड येथे ओळीने उभे करण्यात आले. त्या जागेला ‘पॅटन नगर’ हे नाव पडले. पुढे त्यातले काही देशभर विजयचिन्ह म्हणून मांडले गेले. असा वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेला पॅटन केला, तर उडालेला रंग आणि जुना गंज योग्यच. लढाईचा दिवस आणि नंतरची वर्षे, दोन्ही चित्रे खरी आहेत. एकाच मॉडेलवर ती मिसळली की दोन्ही खोटी होतात.

संग्रहालयातला रणगाडा पाहून रंगवावे का?

महाराष्ट्रात यासाठी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये ते उभारले. तिथे पॅटनही आहे आणि भारतात तयार झालेला ‘विजयंता’ही. आकार, जोडकाम, पोलादाचा पोत, चाकांची रचना पाहायला अशा जागेसारखी दुसरी शाळा नाही. रंगाच्या बाबतीत मात्र जगातल्या कोणत्याही संग्रहालयात सावध राहावे लागते. उघड्यावरचे रणगाडे टिकावेत म्हणून त्यांना वेळोवेळी नवा रंग दिला जातो. त्यामुळे दिसणारी छटा युद्धकाळातली असेलच असे नाही.

जुनी छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल आहेत. शिवाय मूळ रंगही एकसारखा नसे. फेब्रुवारी १९४३पासून जर्मन रणगाडे गडद पिवळ्या रंगात येऊ लागले. त्यावरचे हिरवे आणि तांबूस पट्टे सैनिक आघाडीवर स्वतः मारत. मिळालेला घट्ट रंग ते कधी पाण्यात, कधी पेट्रोलमध्ये कालवत. साहजिकच दोन रणगाडे क्वचितच सारखे दिसत. म्हणून ‘हीच एक छटा बरोबर’ असा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही.

काळजी कोणती घ्यावी?

एअरब्रशचा फवारा आणि धुळीसाठी वापरायची रंगाची कोरडी पूड फुप्फुसात जाऊ शकते. व्हाइट स्पिरिटची वाफ तर साध्या कापडी मास्कने थांबत नाही. त्यासाठी वाफ शोषणारे फिल्टर असलेला मास्क आणि खेळती हवा हवी. शेजारी दिवा, उदबत्ती किंवा पेटता गॅस नको. हेअरस्प्रेही पेट घेतो.

सुरुवात करणाऱ्याने महागडे साहित्य घेण्याआधी एकाच खऱ्या छायाचित्राचा नीट अभ्यास करावा. प्रत्येक डाग काढण्यापूर्वी तो तिथे कशामुळे पडला असेल, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर तो डाग काढू नये.