साऱ्या जन्माचं बी-१२: तांदळाचे तीन-चार दाणे

बी-१२ या जीवनसत्त्वाची माणसाला रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम. ८० वर्षांची बेरीज केली तरी ७० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या तीन-चार दाण्यांचं वजन! पण रोजच्या त्या अदृश्य कणातही रेणू असतात दहा कोटी कोटींहून थोडे जास्त, म्हणजे एकावर १५ शून्यं आणि वर काही. शरीरातल्या सुमारे ३७ लाख कोटी पेशींना ते सारखे वाटले, तर एकेकीच्या वाट्याला जेमतेम २९ येतात.

हिशोब इतका बारीक असला की धान्य कसं कांडलं, यावरही आयुष्यं ठरतात.  कावेरीच्या भातपट्ट्यातल्या तमिळ मुलखाची जुनी सवय उकड्या तांदळाची, तिकडची ‘पुळुंगल अरिसी’. साळी भिजवून वाफवल्या की कोंड्यातलं दुसरं एक जीवनसत्त्व, बी-१, दाण्याच्या आत मुरतं. मग गिरणीत कोंडा निघाला तरी बरंचसं टिकतं. गिरणीच्या १०० ग्रॅम सुरय (न उकडलेल्या) तांदळात बी-१ सुमारे ०.०६ मिलिग्रॅम, उकड्यात ०.२१. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला, तर फरक ०.६ मिलिग्रॅम: एका ग्रॅमचा सुमारे सतराशेवा भाग.

एवढ्याशा फरकावर रोगाचा नकाशा बदलला. जुन्या मद्रास इलाख्यात सुरय तांदूळ खाणाऱ्या उत्तरेच्या तेलुगू किनारपट्टीत बी-१ च्या अभावाने होणारी बेरीबेरी ठाण मांडून होती. उकडा खाणाऱ्या तमिळ जिल्ह्यांत ती क्वचितच दिसे. जावातल्या तुरुंगांची १८९७ मधली पाहणीही तेच सांगते. पांढरा सडीक तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी शंभरी दोन-तीन जणांना, बिनसडीक खाणाऱ्यांत दहा हजारांत एखाद्याला. कोकण-गोव्यातली उकड्याची पेज याच शहाणपणाची.

आता गोळीचा हिशोब. बी-१२ च्या गोळीवर अनेकदा १,५०० मायक्रोग्रॅम असं छापलेलं असतं: सव्वासहाशे दिवसांची गरज एका घोटात! पण जठरातलं वाहक प्रथिन एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत नेतं. उरलेल्यातलं साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणजे पदरी पडतात सुमारे १७. बाकीचे चौदाशे ऐंशीहून अधिक वाया.

तरी ती गोळी फुकट नव्हे. वनस्पतींत बी-१२ जवळजवळ नसतंच; उकडा तांदूळही त्यात शून्य. दूधदुभतंही न खाणाऱ्याला हे १७ मायक्रोग्रॅम गरजेच्या सातपट आहेत, आणि ते वाहक प्रथिन न बनणाऱ्या रुग्णालाही नुसते झिरपणारे सुमारे १५ गरजेच्या सहापट. पोषणयुक्त तांदूळही अंशतः याच उणिवेवरचा उपाय. त्यात १०० दाण्यांमागे एक दाणा कारखान्यात घडवलेला असतो आणि प्रमाणकानुसार किलोमागे बी-१२ भरतं ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. ४०० ग्रॅमला फार तर अर्धा.

तेव्हा डबीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. अन्नात जे आहे ते सडून, धुऊन, पेज ओतून घालवू नका. आणि जे अन्नात नाहीच, त्यासाठी रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून गोळी जरूर घ्या.