साटेलोट्यातल्या दोन लेकी

पूर्वी आपल्याकडे साटेलोट्याची लग्ने होत असत. या घरची मुलगी त्या घरी द्यावयाची आणि त्या घरची या घरी आणावयाची. देण्याघेण्याचा प्रश्न परस्पर मिटत असे. पण अशा सोयरिकीत एक गोम असे. आपली लेक तिकडे कशी नांदते यावर इकडे त्यांच्या लेकीचे नांदणे अवलंबून राही. एकीला जाच झाला, तर दुसरीच्या पाठीवरही वळ उठत.

मुंबई शहर आणि इंग्लंडचा ईशान्य किनारा यांच्यात असेच एक साटेलोटे झाले आहे. ते कोणी ठरवून केले नाही, काळाने घडवून आणले. फरक इतकाच, की या सोयरिकीत तिकडे दिलेली आपली लेक सुखात नांदली आणि इकडे आलेल्या त्यांच्या लेकीचे मात्र आपण धड केले नाही.

आपली लेक म्हणजे ‘ट्रिंकोमाली’ नावाची लढाऊ नौका. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती मलबारी सागवानात बांधली गेली आणि १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. ज्या नेपोलियनशी झुंजण्यासाठी अशा नौका बांधल्या जात होत्या, त्याचा निकाल दोन वर्षांपूर्वीच लागून गेलेला होता. वरात निघाली आणि मांडव उतरलेला, अशातली गत! तिकडे गेल्यावर तिला कितीतरी वर्षे नुसते बांधून ठेवण्यात आले. मधे काही वर्षे तिने दूरच्या समुद्रांवर चाकरी केली; पुढे पोरांना नाविकविद्या शिकविण्याचे काम तिच्याकडे आले, आणि तेव्हा तिचे नावही बदलले. ‘फूद्रोयां’ या फ्रेंच नावाने ती ओळखली जाऊ लागली. लग्नानंतर नाव बदलणे हे तिच्याही नशिबी होतेच म्हणावयाचे. १९८७ साली तिला हार्टलपूल या बंदरात आणले, १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे खपून तिची डागडुजी केली आणि तिचे मूळचे नाव तिला परत दिले. आज पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक पैसे मोजून तिला पाहावयास जातात.

आता त्यांची लेक. न्यूकॅसलजवळ टाइन नदीच्या काठी, म्हणजे हार्टलपूलहून फार दूर नव्हे, १९४३ साली एका विमानवाहू नौकेचा कणा घातला गेला. ‘हर्क्युलीस’ असे तिचे पाळण्यातले नाव. युद्ध संपले आणि काम अर्धवट राहिले. १९५७ साली भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या कारखान्यात ती पुरी झाली आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ‘विक्रांत’ होऊन आपल्या घरात आली. नाव पुरुषाचे आणि नौका मात्र स्त्रीलिंगी! व्याकरण शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे लिंग जरा टोचते. पण खलाशी आपल्या जहाजाला आईच मानतात, तेव्हा व्याकरणाने गप्प बसावे हे बरे.

त्या वर्षीच्या ३ नोव्हेंबरला विक्रांत मुंबईस आली तेव्हा तिच्या स्वागताला पंडित नेहरू होते. आणि गर्दीत कोठेतरी, आजोबांच्या खांद्याचा आधार घेऊन चवड्यांवर उभे असलेले, तेरा वर्षांचे आमचे अण्णाही होते. पुढे अण्णा नौदलाच्या गोदीत फिटर म्हणून लागले आणि विक्रांतच्या बॉयलरखोलीत त्यांची उमेदीची वर्षे गेली. १९७० साली तिच्या चारांपैकी एका बॉयलरला तडा गेलेला आढळला. सुटा भाग परदेशातून मिळण्याजोगा नव्हता. तशा अवस्थेत, वेग आवरून ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरून उडालेल्या सी-हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव यांवर हल्ले चढविले. आमच्या घरी ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगितली जाई. तीत वैमानिकांचे नाव क्वचित निघे. बॉयलरचे मात्र हटकून निघे.

३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांत सेवेतून निवृत्त झाली. तिचे संग्रहालय करावयाचे असे ठरले. २००१ नंतर नौदलाने ती अधूनमधून लोकांसाठी खुली केली. मी तेव्हा नुकताच एम.ए. झालो होतो. अण्णांना घेऊन गेलो. सातशे फुटांची ती धावपट्टी, खाली हँगरमध्ये मांडलेली विमाने, शाळांच्या रांगा; मी अगदी भारावून गेलो होतो. अण्णा मात्र एका कडेला ओणवे होऊन पत्र्यावरून नख फिरवीत होते. नखाखाली तांबूस पूड आली. ते म्हणाले, “अरे, जहाज ठेवणे म्हणजे गंज खरवडणे. आधी चिपिंग, मग रेड लेड, मग रंग. तो वाळेस्तोवर दुसऱ्या टोकाला परत गंज. हे कोण करणार आहे?”

मला तो प्रश्न त्या वेळी क्षुद्र वाटला. आज वाटते, सबंध योजनेत तेवढाच एक प्रश्न खरा होता.

कारण पाहा. चालत्या जहाजावर हजार-बाराशे माणसे असतात आणि त्यांतले निम्मे हात सदैव घासपूस करीत असतात. निवृत्त जहाजावरची माणसे जातात, खारे पाणी मात्र तेथेच राहते. पाण्याखालचा पत्रा तपासावयाचा तर जहाज सुक्या गोदीत चढवावे लागते आणि एवढी गोदी नौदलाच्या कामातल्या जहाजांनाच पुरत नाही. नौदलाला दोष देण्यात अर्थ नाही. लढाऊ जहाजे चालविणे हा त्याचा धर्म, म्हाताऱ्या जहाजांचा पांजरपोळ चालविणे नव्हे. मग जागेचा प्रश्न. गोदीच्या आत, पहाऱ्यामागे, कायमचे संग्रहालय चालणार नाही. कुलाब्याजवळच्या ऑयस्टर रॉक या खडकाशी तिला कायमची टेकवावी असा एक विचार होता. कागदावर तो देखणा दिसे. पण उधाणाला मुंबईच्या बंदरात पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढते-उतरते. शिवाय प्रेक्षकांना लाँचने न्यावयाचे आणि पावसाळ्यात तर मांडव्याच्या लहान लाँचसुद्धा बंद असतात! चार महिने दुकान बंद ठेवून वर्षाचे भाडे भरणारा वाणी कोठे मिळावयाचा? राज्य सरकारला हे संग्रहालय कायमचे चालविणारा भागीदार मिळाला नाही, यात नवल ते काय?

२०१२ साली विक्रांत प्रेक्षकांस धोक्याची ठरून बंद झाली. त्याच वर्षाच्या मार्च अखेरीस बेलफास्टमध्ये, म्हणजे जेथे विक्रांत पुरी झाली त्या शहरात, ‘टायटॅनिक’ जहाजाचे भव्य स्मारक-संग्रहालय उघडले. तेही त्याच कारखान्याच्या जुन्या बांधणीच्या जागेवर! टायटॅनिक समुद्राच्या तळाशी आहे. तरी नुसत्या कथेवर आणि जागेवर त्यांनी एक संग्रहालय उभे केले. आमच्याजवळ अख्खे जहाज होते, कथा होती. जागा तेवढी नव्हती.

जानेवारी २०१४ मध्ये लिलाव झाला, ६० कोटींना. कोर्टकचेऱ्या झाल्या. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात शेवटचा अर्ज फेटाळला गेला आणि नोव्हेंबरात दारूखान्याच्या किनाऱ्यावर घण पडू लागले. दारूखाना म्हणजे मुंबईचा पूर्व किनारा. बंदराच्या मालकीची तेथे सुमारे अठराशे एकर जमीन आहे. त्या किनाऱ्याचा विकास करून तो लोकांना खुला करावा, तेथे बागा, फेरफटक्याच्या वाटा, सागरी वारशाची दालने व्हावीत, अशा योजना वर्षानुवर्षे चालल्या आहेत. मला खंत वाटते ती याची, की जे संग्रहालय या किनाऱ्यावर उभे राहावयाचे, ते याच किनाऱ्यावर मोडले गेले. त्या पत्र्यातले काही पोलाद पुढे एका मोटारसायकलच्या टाकीत गेले आणि लोकांनी ती हौसेने विकतही घेतली. म्हणजे विक्रांतसाठी पैसे मोजणारी माणसे होती तर!

विराटच्या बाबतीतही तेच झाले. ती २०१७ मध्ये निवृत्त झाली. १ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांपाशी तिचे संग्रहालय करण्यास संमती दिली. खर्चाचा आकडा ८५२ कोटींचा. आकडा वाचूनच मी अण्णांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये विराट अलंगला गेली. न्यायालयाने मधे स्थगिती दिली. पण अखेरच्या सुनावणीपर्यंत जवळजवळ ४० टक्के जहाज तुटलेले होते.

मग हे आपल्याकडे होतच नाही काय? होते. विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ ही निवृत्त पाणबुडी थेट समुद्रकाठच्या वाळूवर चढविली. अवघे सहाशे मीटर अंतर. पण त्याला अठरा महिने आणि साडेपाच कोटी रुपये लागले. ऑगस्ट २००२ पासून ती लोकांना खुली आहे. तेथे वाटाड्याचे काम नौदलातून निवृत्त झालेली माणसेच करतात. तिचे गमक फार साधे आहे. पाणबुडी नव्वद मीटरची, विक्रांतच्या निम्म्याहूनही आखूड. कोरड्या जमिनीवर, सडकेला लागून आणि ज्या गावात लोक संध्याकाळी फिरावयास येतातच अशा ठिकाणी. अलीकडे कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीकाठी ‘टी-८०’ ही छोटी गस्तीनौका आणली गेली, तेव्हा मला आनंद झाला तो याचसाठी. ज्या कल्याणच्या खाडीत शिवछत्रपतींच्या आरमाराचा आरंभ झाला, तेथे एखादी लहानशी नौका, पण रोज झाडलेली, शोभून दिसेल. आपल्याला मोठ्या देवळांची हौस फार. दिवाबत्तीची तरतूद करणारा भेटत नाही.

विक्रांतच्या उरलेल्या लोखंडाचे एक शिल्प अर्झान खंबाटा यांनी घडविले. ते जानेवारी २०१६ पासून गोदीच्या लायन गेटसमोर, रहदारीच्या मधोमध, उभे आहे. अण्णांना मी टॅक्सीने तेथे नेले. दारूखान्याला यावयास त्यांनी साफ नकार दिला होता. येथे मात्र आले. रस्ता ओलांडणे त्यांना झेपेना, म्हणून पलीकडच्या पदपथावरूनच पाहिले. “कुठला पत्रा म्हणायचा हा?” एवढेच विचारले. मला काय ठाऊक!

यंदा उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी, जो आता तिकडे नोकरीस आहे, सुटीच्या दिवशी मुद्दाम हार्टलपूलला जाऊन आला. त्याचे लांबलचक पत्र आले. जुन्या गोदीच्या कडेने त्यांनी अठराव्या शतकातला बंदरकाठ पुन्हा बांधला आहे. शिंप्याचे दुकान, बंदुका-तलवारींची दुकाने, आणि मधल्या कुंडात आपली ट्रिंकोमाली. त्या बंदरातला जहाजबांधणीचा धंदा बुडाला होता. त्या पडीक गोदीवर हे उभे राहिले. नौका दीडशे फुटांची. लाकूड दोनशे वर्षांचे. तो लिहितो, “सर, तुळईला हात लावून पाहिला. खाली पाटीवर ‘मुंबई’ वाचले आणि उगाच घशाशी आले.” सोबत दहा-बारा फोटो.

मी पत्र अण्णांना मोठ्याने वाचून दाखविले. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाचवत नाही. ते शेवटपर्यंत शांत ऐकत होते. मला वाटले, मुंबईचे नाव ऐकून तेही गहिवरले असतील. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “रंगाला माणसे किती ठेवली आहेत, ते लिहिलेय का त्याने?”

लिहिलेले नव्हते. उलट टपाली मी तो प्रश्न घालून पाठविला आहे.