करडईचे तेल का गोठत नाही?

सोलापुरात थंडी फार दिवस टिकत नाही. तरी जानेवारीतल्या एखाद्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली गोठलेली सापडते. शेजारच्या बरणीतले करडईचे तेल मात्र वाहतेच असते. मेदपदार्थांचा पाठ व्याख्येऐवजी या जोडीपासून सुरू करून पाहावा.

दोन्ही तेले म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइडे: ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन शेपट्या जोडलेल्या. खोबरेलात सुमारे निम्मे लॉरिक आम्ल असते, १२ कार्बनांचे. करडईच्या नेहमीच्या वाणांत सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल, १८ कार्बनांचे. साखळी लांब तितका वितळबिंदू जास्त, मग करडईचे तेल आधी गोठायला हवे! गोम दुहेरी बंधात आहे. १८ कार्बनांच्याच स्टिअरिक आम्लात दुहेरी बंध नाही (ते संपृक्त). ते ६९ अंश सेल्सिअसला वितळते. एक बंध असलेले ओलेइक १३ अंशांच्या आसपास, दोन असलेले लिनोलिक उणे ५ अंशांना. दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो. कडब्याच्या सरळ पेंढ्या गच्च रचता येतात, वाकड्या फांद्यांची मोळी सैलच राहते, तसे हे.

ट्रायग्लिसराइडे ही शरीराची कोठी. एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, पिष्टाच्या दुपटीहून अधिक. तिसऱ्या शेपटीच्या जागी फॉस्फेटचा गट आला, की होते फॉस्फोलिपिड. डोके पाण्याकडे, शेपट्या आत, असे दोन थर मिळून पेशीपटल बनते. बाकदार शेपट्या ते प्रवाही ठेवतात. कोलेस्टेरॉलची घडण निराळीच, चार जोडलेली कडी. पाठ्यपुस्तकांत ते फक्त तुंबलेल्या रोहिणीच्या चित्रात भेटते, हा मला अन्याय वाटतो: पित्ताम्ले व लैंगिक संप्रेरके त्यापासूनच बनतात.

लिनोलिक आम्ल शरीराला बनवता येत नाही. जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांना मेदरहित आहार दिला, तेव्हा त्यांची कातडी खवल्यांची झाली, वाढ खुंटली.

मग भरपूर लिनोलिक खाल्ले तर उत्तमच? सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकारातून उठलेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली. एका गटाला संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल व त्याचेच मार्गारीन दिले. रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले. पण २०१३ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्या गटातले मृत्यू १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटातले ११.८ टक्के निघाले. चाचणी लहान, सगळे रुग्णच. इतर चाचण्या वेगळेही सांगतात. म्हणून करडई टाकून देऊ नये, पण तेलाच्या डब्यावरचे 'हृदयासाठी उत्तम' हे शब्द विद्यार्थ्यांना तपासायला जरूर द्यावेत.

आता ओलेइक जास्त असलेले करडईचे वाणही निघाले आहेत. ओलेइकात दुहेरी बंध एकच, त्यामुळे ते तेल खवटही उशिरा होते.