कोल्ह्याचे कान आणि 61 नंबर

जी-पेनचं निब कागदावर दाबलं की त्याची दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते. हात हलका केला की केसाएवढी बारीक. तोक्योतल्या शनिवारच्या मांगा (जपानी चित्रकथा) वर्गात पहिले दोन तास मी एवढंच करत होते.

डोक्यात होती ज्युलिएट्टा सुझुकी यांची 'कामिसामा हाजिमेमाशिता' ही मांगा-मालिका. बापाच्या जुगारापायी बेघर झालेली शाळकरी नानामी एका ओसाड देवळाची देवता होऊन बसते, आणि तिच्या सेवेला येतो कोल्ह्याचे कान असलेला, तोंडाचा फटकळ तोमोए. 'हाना तो युमे' पाक्षिकात 2008 ते 2016 चाललेल्या या मालिकेचे 25 खंड आहेत. कोल्हा, देऊळ आणि शाळेचा गणवेश एकाच चौकटीत बसवायचा माझा हट्ट तिथलाच.

रेघ जमली तरी अद्भुत येत नाही. ते येतं टोनमधून. टोन म्हणजे बारीक ठिपके छापलेली, मागून चिकट अशी पारदर्शक फिल्म. ती कुठे लावायची ते फिकट निळ्या पेन्सिलीने आखतात, कारण तो निळा छपाईत उमटत नाही. तुकडा जरा मोठाच चिकटवायचा, कडेने कटर फिरवायचा, नको तेवढं सोलायचं. हात इतका हलका हवा, की खालचा कागद कापला जाणार नाही. वर्गात जो तो '61 नंबर' मागत होता: इंचाला ठिपक्यांच्या 60 ओळी, 10 टक्के काळा. मुलीच्या स्कर्टच्या चुण्यांना तोच, कोल्ह्याच्या हाओरीच्या, म्हणजे जपानी अंगरख्याच्या, सावलीलाही तोच.

तोरीईपाशी फसले. देवळापुढचं ते शेंदरी द्वार गडद दिसावं म्हणून टोनवर टोन चढवला. कोन जरासा चुकला, आणि खांबांना चौकड्यांचं लुगडं नेसवल्यासारखं झालं. वर्गाच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, काही न बोलता वरचा थर सोलला.

मग धुकं. कटरच्या टोकाने ठिपके खरवडायचे. त्यांच्या रांगा 45 अंशांत असतात. त्याच दिशेने खरवडलं तर अख्खी रांग उडून टक्कल पडतं. वेगळ्या कोनातून, तुटक खरवडलं की धुकं विरत जातं. कोल्ह्याचे पांढरे केस मात्र कोरेच ठेवायचे. मला विचाराल तर त्याचं सगळं देवपण त्या कोऱ्या जागेत आहे.

हल्ली बरेच जण हे संगणकावर करतात. बोटांना ठिपके चिकटत नाहीत. माझ्या पाच चौकटींच्या एका पानाला दोन शनिवार लागले. 'कामिसामा'सारख्या मालिकेच्या एका प्रकरणात तीसेक पानं असतात.